वारस नोंदीसाठी दिरांची संमती लागते का?

परभणी जिल्ह्यातील एका वाचक भगिनींनी लिहिले आहे :

"माझे पती गेल्या वर्षी आषाढात मूत्रपिंडाच्या आजाराने वारले. भावाभावांच्या वाटणीत आलेली तीन एकर कोरडवाहू जमीन त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. मुलगी अकरावीत आणि मुलगा सातवीत शिकतो. सासूबाई धाकट्या दिरांकडे असतात. दिवाळीनंतर मी तलाठी कार्यालयात वारस लावण्याचा अर्ज दिला. 'ठेवून जा' म्हणाले. आता तो अर्जच सापडत नाही असे सांगतात. आधी कोर्टाचा वारस दाखला आणा म्हणाले, मग पाचशेच्या बाँडवर प्रतिज्ञापत्र मागितले आणि आता दिरांची संमती असल्याशिवाय नोंद होणार नाही म्हणतात. दीर म्हणतात, सासूबाईंचा चौथा हिस्सा आमच्या नावे लिहून द्या, मग सही करतो. कार्यालयात बसणारा एक खासगी माणूस पाच हजारांत सगळे करून देतो म्हणतो. पीकविमा, पीककर्ज, पीएम किसान सगळे अडले आहे. मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी केलेला उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्जही सेतूमध्ये महिन्याहून जास्त दिवस पडून आहे. तलाठ्यांचा अहवाल आला नाही, एवढेच सांगतात. माझा हक्क नेमका काय आणि तो मी कुणाकडे मागायचा?"

ताई, दिरांच्या संमतीची गरज नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे, मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाचे पहिल्या वर्गातील वारस म्हणजे प्रामुख्याने त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि आई. भाऊ दुसऱ्या वर्गात येतो आणि पहिल्या वर्गातील एकही वारस हयात असेल, तर दुसऱ्या वर्गापर्यंत वारसा पोहोचतच नाही. तुमच्या पतींचे पहिल्या वर्गातील चार वारस हयात आहेत : तुम्ही, तुमची मुलगी, तुमचा मुलगा आणि तुमच्या सासूबाई. जो वारसच नाही त्याच्या सहीवाचून वारस नोंद थांबते, असे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. दिरांना काही आक्षेप असेल तर तो नोंदवण्याची रीत कायद्याने वेगळी ठेवली आहे, तिच्याविषयी पुढे लिहितो. मात्र तुमचा अर्ज दाखल करून घेणे हे कार्यालयाचे कर्तव्य आहे आणि ते दिरांच्या मर्जीवर अवलंबून नाही.

तुमच्या पत्रातील मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट म्हणजे तुमच्याकडे अर्जाची पोच नाही. बाकीच्या सगळ्या अडचणी त्या एका उणिवेतून वाढल्या आहेत, कारण पोच नसलेला अर्ज सरकारी दप्तराच्या दृष्टीने आलेलाच नसतो आणि मग विलंब झाला हेही कुणाला सिद्ध करता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चे कलम १४९ या बाबतीत अगदी नि:संदिग्ध आहे. वारसाने जमिनीत हक्क मिळालेल्या व्यक्तीने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला तोंडी किंवा लेखी वर्दी, म्हणजे सूचना, द्यावी आणि तलाठ्याने ती मिळाल्याची लेखी पोच ताबडतोब द्यावी, असे ते कलम सांगते. वर्दी तोंडीही चालते, पण पोच लेखीच द्यावी लागते. तुमचे तीन महिने उलटून गेले असले तरी त्याने वारसाहक्क बुडत नाही आणि नोंदही नाकारता येत नाही. कुणी मुदतीचे कारण पुढे केले तर घाबरू नका. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी हे पदनाम मिळाले आहे, म्हणून अर्जावर तेच लिहा. काम आणि जबाबदारी पूर्वीचीच आहे.

आता नव्याने अर्ज करा आणि तो दोन प्रतींत लिहा. भाषेचा बडेजाव नको, एवढा मजकूर पुरे : "मौजे अमुक येथील गट क्रमांक अमुक, क्षेत्र अमुक, या जमिनीचे खातेदार, माझे पती अमुक हे दिनांक अमुक रोजी मयत झाले आहेत. त्यांना पत्नी मी स्वतः, अज्ञान (अल्पवयीन) मुलगी अमुक, अज्ञान मुलगा अमुक व आई अमुक असे चार वारस असून याखेरीज अन्य वारस नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ अन्वये ही वर्दी देत आहे. वर्दी मिळाल्याची लेखी पोच याच कलमानुसार तत्काळ मिळावी." सोबत मृत्यूच्या दाखल्याची प्रत, चालू सातबारा आणि आठ-अ, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र आणि सर्वांच्या आधारकार्डांच्या प्रती जोडा. प्रतींवर "मूळ कागदाप्रमाणे खरी प्रत" असे लिहून तुम्हीच सही करा, कारण ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने सरकारी कामासाठी स्वयंसाक्षांकित प्रती ग्राह्य धरल्या आहेत आणि त्यासाठी राजपत्रित अधिकाऱ्याला शोधत हिंडण्याची वेळ कुणावर येऊ नये, हाच त्या निर्णयाचा हेतू आहे. मृत्यूचा मूळ दाखला कुणाच्याही हाती ठेवून येऊ नका. मागितला तर दाखवा आणि परत घ्या.

दुसऱ्या प्रतीवर तारीख, शिक्का, सही आणि आवक क्रमांक घ्या. तिथे कुणी पोच द्यायला तयार नसेल, तर वाद घालत बसू नका. तोच अर्ज तहसील कार्यालयाच्या आवक-जावक टेबलावर तहसीलदारांच्या नावे द्या, तिथे पोच मिळते. किंवा पोस्टाने पाठवून वाटपाचा पुरावा जपून ठेवा. याहून सोयीचा मार्ग म्हणजे ई-हक्क प्रणाली. वारस नोंदीचा अर्ज आता या संकेतस्थळावरून करता येतो, कागद तिथेच जोडता येतात आणि अर्जाला क्रमांक मिळतो. स्वतःला जमत नसेल तर आपले सरकार सेवा केंद्रातून करून घ्या. तिथले दर फलकावर लावलेले असतात, तेवढेच पैसे द्या आणि पावती घ्या. संगणकात पडलेला अर्ज "सापडत नाही" असे सांगणे कुणालाही कठीण असते.

यापुढे काय घडायला हवे ते तुम्हाला ठाऊक असले म्हणजे कुणी काहीही सांगून परत पाठवू शकणार नाही. कलम १५० प्रमाणे तलाठ्याने तुमच्या वर्दीची नोंद फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, घ्यायची असते. नोंद घेतल्यावर तिला फेरफार क्रमांक मिळतो. तिची प्रत चावडीवर लागते आणि हितसंबंधितांना नोटीस जाते. "आपली चावडी" या संकेतस्थळावरही गाव निवडून ही नोटीस घरबसल्या पाहता येते. नोटिशीच्या पंधरा दिवसांत कुणी हरकत घेतली नाही, तर मंडळ अधिकारी चौकशी करून नोंद प्रमाणित करतात आणि त्यानंतर सातबारावर वारसांची नावे येतात. हरकत नसेल तर हे सारे साधारण महिना-दीड महिन्याचे काम आहे. मुले अज्ञान असल्याने त्यांच्या नावापुढे "अ.पा.क." म्हणून, म्हणजे अज्ञान पालनकर्ता या नात्याने, तुमचे नाव लागेल. सातबारा हाती आल्यावर हे लागले आहे की नाही, ते नीट पाहा.

दिरांनी हरकत घेतलीच तर ती तक्रार नोंदवहीत, गाव नमुना सहा-अ मध्ये, लिहिली जाते. हरकत देणाऱ्याला तिची पोच मिळते, दोन्ही बाजूंना नोटीस निघते, सुनावणी होते आणि लेखी आदेश होतो. वादग्रस्त नोंदीचा निकाल एका वर्षाच्या आत लावावा, असे कायदाच सांगतो. निकाल विरुद्ध गेला तर आदेशापासून साठ दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. हरकतीची ही वाट सर्वांना खुली आहे. मात्र हरकत येण्याच्या भीतीने आधीच नोंद न घेणे, किंवा ज्याची हरकत असू शकते त्याची संमती तुमच्याकडूनच आणवणे, ही कायद्याला ठाऊक नसलेली पद्धत आहे आणि तिचा सगळा भार नेहमी घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसावर येऊन पडतो.

कोर्टाच्या दाखल्याविषयी थोडक्यात. वारस दाखला दिवाणी न्यायालयाकडून १८२७ च्या मुंबई विनियमाखाली मिळतो. वारस कोण यावरच वाद असेल, मृत्युपत्र पुढे आले असेल, दुसऱ्या लग्नाचा प्रश्न असेल, अशा वेळी त्याची खरी गरज भासते. तुमच्या घरात चार वारस कोण आहेत, याविषयी दिरांचाही वाद दिसत नाही. स्थानिक चौकशीवरून आणि वंशावळीवरून नोंद घेणे हेच तर महसूल यंत्रणेचे काम आहे, आणि २०२५ च्या एप्रिल-मे महिन्यांत राज्यभर राबवलेल्या "जिवंत सातबारा" मोहिमेत मयत खातेदारांच्या वारसांची नावे अशीच, गावपातळीवरच्या चौकशीवर लावण्यात आली. तरीही तुम्हाला दाखलाच आणायला सांगितले, तर ती मागणी लेखी द्या, एवढेच म्हणा. "आपण मागितलेले कागद आणि त्यामागचा नियम मला लेखी कळवावा" असा एका ओळीचा अर्ज दिला की बऱ्याच मागण्या आपोआप गळून पडतात.

पाचशे रुपयांच्या बाँडचेही तसेच आहे. सरकारी कार्यालयापुढे सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांवरील मुद्रांक शुल्क १ जुलै २००४ च्या आदेशाने माफ झालेले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये किमान मुद्रांक शंभराचा पाचशे झाला, तेव्हा अनेक ठिकाणी पुन्हा लोकांकडून बाँड मागू लागले आणि तो मागू नये असे सरकारला नव्याने सांगावे लागले. वंशावळीचे प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर करा. पाचशे रुपये म्हणजे शेतमजुरीचे दोन दिवस. कायद्याने माफ केलेले ते पैसे विधवा बाईकडून काढले जावेत, याचा मला मनापासून राग येतो.

आता सर्वांत नाजूक भाग. सासूबाईंचे नाव वगळून फक्त तुम्ही आणि मुले अशी वंशावळ द्यावी, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. तसे कदापि करू नका. त्या तुमच्या पतींच्या आई आहेत, मुलाच्या मिळकतीत त्यांना कायद्याने हिस्सा आहे आणि खोटी वंशावळ हा गुन्हा तर आहेच, शिवाय नोंद रद्द होण्याचे आयते कारणही आहे. चारही नावे लावा.

पण नाव लागणे आणि हिस्सा किती हे ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथे दिरांचा "चौथा हिस्सा" बहुधा चुकीचा आहे. तीन एकर म्हणजे १२० गुंठे. ही जमीन तुमच्या पतींची स्वतंत्र मिळकत मानली गेली, तर चार वारसांना समान, म्हणजे सासूबाईंना ३० गुंठे. मात्र ती वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाची जमीन असेल आणि वाटणीत त्यांच्या शाखेला आली असेल, तर तुमच्या मुलाला आणि मुलीलाही तीत जन्मतःच हिस्सा आहे. मुलींचा हा हक्क २००५ च्या दुरुस्तीने आला आणि विनिता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो पक्का केला. अशा वेळी पतींच्या मृत्यूच्या लगेच आधी वाटणी झाली असे मानून त्यांचा हिस्सा काढतात. त्या मानीव वाटणीत पत्नीलाही हिस्सा धरायचा असतो, हे गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई या महाराष्ट्रातल्याच कुटुंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ठरवले. म्हणजे पती, तुम्ही, मुलगा, मुलगी असे चार हिस्से होतात आणि पतींच्या एका चतुर्थांशाचे पुन्हा चार वारसांत चार भाग पडतात. सासूबाईंच्या वाट्याला एक षोडशांश, साडेसात गुंठे येतात. ३० आणि साडेसात यांतला फरक तुमच्या मुलांच्या पोटाचा आहे.

जमीन यांपैकी कोणत्या प्रकारची, हे तुमच्या सासऱ्यांना ती कशी मिळाली यावर अवलंबून राहील. त्यांनी स्वतः विकत घेतली होती, की आजेसासऱ्यांकडून वारसाने आली आणि केव्हा आली, हे जुन्या फेरफारांत लिहिलेले असते. सातबारावर फेरफारांचे क्रमांक दिलेले असतात. वाटणीचा फेरफार आणि त्याच्या मागचे फेरफार तलाठी किंवा तहसील कार्यालयातून नकलेसह काढा आणि ते घेऊन वकिलांना भेटा. वकिलाच्या खर्चाची चिंता करू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत विधी साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. तुमच्या तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारात तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय असते, आणि १५१०० या क्रमांकावरही विचारता येते.

हे होईपर्यंत दिरांनी पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर सही करू नका. हक्कसोडपत्रावर नको, संमतिपत्रावर नको आणि "नुसते नोंदीपुरते आहे" असे सांगून आणलेल्या कोऱ्या बाँडवर तर नकोच. सासूबाईंना त्यांचा स्वतःचा हिस्सा हवा त्याला देण्याचा अधिकार आहे, तो त्यांचा त्यांनी वापरावा. तो तुमच्याकडून लिहून घेण्याचे कारणच नाही. मुलांच्या हिश्शाविषयी तर तुम्हालाही मोकळीक नाही : अज्ञान मुलांचा स्थावरातील हिस्सा न्यायालयाच्या परवानगीशिवाय पालकाला देता किंवा सोडता येत नाही. दिरांना नकार देणे अवघड जात असेल तर हीच गोष्ट पुढे करा, कारण ती खरी आहे. आणि जमले तर सासूबाईंशी एकदा स्वतः बोला. मुलगा गेलेल्या आईचे नाव तुम्ही आपणहून वंशावळीत लिहिले आहे, हे त्यांना तुमच्याच तोंडून कळले पाहिजे.

पाच हजार मागणाऱ्या माणसाविषयी. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. ज्याला भाग पाडून लाच घेतली गेली त्याने सात दिवसांत तक्रार केली तर त्याला संरक्षण आहे. त्यामुळे "सगळेच देतात" या समजुतीने पैसे देऊ नका. मागणी खासगी माणसाने केली म्हणूनही ती सुटत नाही, सरकारी कामासाठी वशिला लावतो म्हणून पैसे घेणारी खासगी व्यक्तीही त्या कायद्याच्या कक्षेत येते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे. पैसे देण्याआधी तक्रार करायची असते, कारण मागणीची पडताळणी करूनच पुढचे पाऊल टाकले जाते. तक्रार करायची की नाही, हे तुम्ही गावातली तुमची परिस्थिती पाहून ठरवा, त्या बाबतीत मी दुरून आग्रह धरणार नाही. पण पैसे देऊ नका, हा आग्रह मात्र धरतो.

पोच हातात येऊनही काम पुढे सरकले नाही तर पुढच्या पायऱ्या अशा. २००५ च्या बदल्यांच्या आणि विलंब प्रतिबंधाच्या कायद्याप्रमाणे, ज्याला लोक दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात, कोणत्याही कर्मचाऱ्याकडे नस्ती, म्हणजे फाइल, सामान्यपणे सात कामाच्या दिवसांहून जास्त पडून राहता कामा नये. त्या कायद्याचा उल्लेख करून, पोचेची प्रत जोडून, तहसीलदारांना स्मरणपत्र द्या. तेवढ्याने झाले नाही तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करा. त्यावर दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असेल तर तेही लागत नाही. अर्जात "काम का होत नाही" असे विचारू नका, त्याला उत्तर देणे सोपे असते. "आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक, या अर्जावर कोणत्या तारखेला कोणी काय कार्यवाही केली, तो आज कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे, याची माहिती व टिपणीची प्रत द्यावी" असे मागा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय असावा आणि तो दीडशे शब्दांत मांडावा. कारण सांगण्याचे बंधन तुमच्यावर नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते. जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, त्यासाठी विहित नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. एकाच सजात अनेक गावे सांभाळणाऱ्या तलाठ्यावर कामाचा ताण असतो, हेही खरे आहे, म्हणून स्मरणपत्राची भाषा सौम्य ठेवा. तारखा मात्र अचूक लिहा.

मुलीच्या उत्पन्नाच्या दाखल्याची घाई आधी करा, कारण तिथे दिवस मोजलेले आहेत. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली हा दाखला पंधरा दिवसांत मिळायला हवा. दाखल्यासाठी तलाठ्यांचा अहवाल लागतो, पण तो वेळेत मागवणे हे कार्यालयांचे आपसातले काम आहे आणि त्यासाठी तुमची मुदत थांबत नाही. मुदत संपल्यापासून तीस दिवसांत पहिले अपील करता येते. तुमचा अर्ज महिन्याहून जुना आहे, म्हणजे हातात फार तर पंधराएक दिवस उरले असतील. सबळ कारण दाखवले तर नव्वद दिवसांपर्यंतचे अपीलही घेता येते, पण त्यावर विसंबू नका. सेवा केंद्राच्या पावतीवरचा अर्ज क्रमांक वापरून आपले सरकार संकेतस्थळावरूनच अपील दाखल होते. पहिल्या आणि दुसऱ्या अपिलीय अधिकाऱ्यांची पदनामे कार्यालयातील फलकावर लावणे बंधनकारक आहे. फलक नसेल तर अपिलात तेही लिहा. पंचेचाळीस दिवसांत निर्णय कळला नाही तर दुसरे अपील करता येते, आणि त्यानंतर साठ दिवसांत राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरे. कारणाशिवाय विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि बहुतेक प्रकरणांत पहिल्या अपिलाची नोटीस गेली की दाखला निघतो.

पैशांच्या बाबतीत दोन-तीन गोष्टी राहिल्या. पतींच्या खात्यावर पीएम किसानचा हप्ता त्यांच्या मृत्यूनंतरही जमा झाला असेल तर तो काढू नका, पुढे वसुली लागते. १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आलेल्या जमिनीला ती योजना मिळत नाही, पण वारसाने आलेली जमीन याला अपवाद आहे, म्हणून सातबारावर नाव लागताच तुमच्या नावाने नवी नोंदणी करा. सोसायटीचे पीककर्ज थकलेले असेल तर त्यासाठी तुमच्या स्वतःच्या कमाईवर कुणी हात टाकू शकत नाही, वारसाची जबाबदारी मिळालेल्या मिळकतीपुरतीच असते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा स्त्रीला महिना १५०० रुपये मिळतात, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असावे लागते. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल आणि पतींचे वय मृत्यूसमयी साठीच्या आत असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २० हजारांचे एकरकमी साहाय्यही आहे. दोन्हींचे अर्ज तहसील कार्यालयातच द्यायचे असतात, म्हणून वारस नोंदीचा अर्ज द्यायला जाल त्याच फेरीत संजय गांधी योजनेच्या टेबलावरही चौकशी करा.

अर्जाची पोच किंवा ई-हक्कचा क्रमांक मिळाला की मला कळवा, आणि जुन्या फेरफारांच्या नकला मिळाल्यावर त्यांची छायाचित्रे पाठवा. सासऱ्यांकडे जमीन कशी आली हे त्यांवरून कळले, तर वकिलांना नेमके काय विचारायचे ते मी पुढच्या पत्रात लिहून देईन.